मालक तोंडी, मी कागदी. जिनमध्ये माझं काय चुकतंय?

पऱ्हाटी_३४

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचक असतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय. लांबला तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी दाबायच्या कारखान्यात, मॅनेजर आहे. गावाचं, जिनाचं नाव लिहीत नाही, आमच्या तालुक्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. त्याआधी सहा वर्षं चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होतो. बाबांचं गुडघ्याचं निघालं, सहा एकर पडीत राहायची वेळ आली, म्हणून परत आलो. जिनातला हा माझा दुसरा हंगाम.

मालक बासष्ट वर्षांचे. अख्खं गाव त्यांना काकाजी म्हणतं, मीही म्हणतो. माणूस वाईट नाही हे आधीच लिहून ठेवतो. पगार एक तारखेला. बाबांच्या ऑपरेशनच्या वेळी न मागता पैसे पुढे केले आणि आजवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण कामाची पद्धत म्हणाल तर मला रोज रात्री डोकं धरायला लावते.

काकाजींकडे कागद चालत नाही. कापसाच्या कोणत्या गंजीत (ढिगात) कोणाचा माल, कोणत्या लॉटची रुई कोणाला बोलली, सरकी काय भावाने सुटली, सगळं डोक्यात. आणि डोक्यातलं बदलतं रात्री अकराला. मी संध्याकाळी ऑफिसातल्या फळ्यावर उद्याचं लिहून घरी जातो: आधी कोणती गंजी, किती गाठी दाबायच्या, कोणता ट्रक केव्हा. सकाळी सातला येतो तर तिसऱ्याच गंजीला हात लागलेला असतो, आणि मुकादम माझ्याकडे न बघता तंबाखू मळत असतो. "काकाजीचा फोन आलता रातच्याले." झालं, फळा पुसा.

दोन प्रसंग सांगतो.

पहिला डिसेंबरातला. रात्रभर गेटबाहेर ट्रॅक्टर, मेटॅडोर रांगेत होते. सकाळी एका ट्रॉलीत मी मॉइश्चर मीटर खुपसला, १४ टक्के. सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, ८ ते १२ ला कटती लावते, १२ च्या वर माल घेतच नाही. तिकडून परत फिरलेला ओला कापूस खाजगी जिनात येतो, हे इथे सांगायला नको. ओला माल गंजीत गेला की गंजी आतून तापते, रुई पिवळी पडते, सरकीही खराब होते. मी कास्तकाराला म्हटलं, भाऊ, वाळवून आणा, नाहीतर कटती लागेल. तो काही बोलला नाही. सरळ काकाजींच्या खुर्चीकडे गेला. काकाजी उठले, कोपरापर्यंत हात ट्रॉलीत घातला, आतला मूठभर कापूस काढला आणि सरकी दाताखाली धरली. कट्ट.

"वाळेल हाय. घे काट्यावर."

तीस-चाळीस माणसं उभी होती. मी हातात मीटर धरून तसाच.

दुसरा प्रसंग मागच्या आठवड्यातला, आणि यासाठीच धागा काढला. दक्षिणेतल्या एका गिरणीला शंभर गाठींचा लॉट जायचा होता. नमुना ज्या लॉटचा पाठवला, माल त्याच लॉटचा गेला पाहिजे, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझ्या यादीत गाठींचे नंबर लिहिलेले होते. रात्री काकाजींनी परस्पर मुकादमाला फोन केला, "शेडच्या कोपऱ्यातल्या टाक." कोपऱ्यात ऐंशीच होत्या. उरलेल्या वीस त्याने शेजारून उचलल्या. गिरणीने तपासलं, वीस गाठींची लांबी कमी निघाली, पैसे कापले. आणि काकाजी मला म्हणतात, "मंग तू कायले हाय इथं?"

रात्रभर झोप नाही. सोडू का नोकरी? की माझंच काही चुकतंय? पुण्यात असं नव्हतं हो.

तिरपागडा

१४ टक्केवाल्या ट्रॉलीत मीटर कुठं खुपसला होता ते सांगा आधी. मग बाकीचं.

कोथरूडची_सई

वाचून खूप वाईट वाटलं. मला वाटतं तुमची भूमिका, तुमच्या जबाबदाऱ्या नीट लिहून घ्या आणि दर महिन्याला मालकांबरोबर एक बैठक ठेवा. तक्रार तोंडी करू नका, ईमेलवर करा. एचआर असेल तर त्यांनाही त्यात घ्या.

वणीचा_वाघ

ताई, आमच्या इकडं एचआर म्हंजे हमालाचं रजिस्टर. अन ईमेल केला तं काकाजी प्रिंट काढून त्याच्यातच चिवडा खाईन.

कोथरूडची_सई

😀 मान्य. पण लिहून घेण्याचा मुद्दा मी सोडणार नाही.

पऱ्हाटी_३४

@तिरपागडा, खरं सांगतो. कडेला, वरच्या थरात खुपसला होता. ट्रॉली रात्रभर उघड्यावर उभी होती.

तिरपागडा

मग ते दहिवर मोजलं तुम्ही, कापूस नाही. काकाजींनी हात आत घातला, इथेच फरक पडला. त्या दिवशी ते बरोबर होते. चारचौघांत बोलले ते चूक, पण ते वेगळं. दोन्ही एकात घालू नका, नाहीतर कोणतंच सुटणार नाही.

रुईवाला

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. हिंगणघाटकडे आमचं जिन आहे, वडिलांपासून. मालकाची बाजू कोणीतरी लिहायला हवी म्हणून लिहितो, धागाकर्त्याने राग मानू नये.

तुमच्या चाकणच्या कारखान्यात उद्या किती माल येणार हे महिनाभर आधी ठाऊक असेल. आमच्याकडे उद्या गेटवर दहा गाड्या लागतील की शंभर, हे आभाळाला विचारा. हंगाम दसरा-दिवाळीपासून धरला तर पाच-सहा महिन्यांचा, त्यात वर्षभराचं कमवायचं. बँकेच्या लिमिटवर रोज व्याज चढतं. एका १७० किलोच्या गाठीला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो. रुईचा उतारा ३४ टक्क्यांवरून ३३ वर आला तर शंभर क्विंटलमागे एक क्विंटल रुई गेली. तेवढ्यातच आमचा नफा असतो, आणि तो उतारा खरेदीच्या क्षणी डोळ्याने आणि हाताने ओळखावा लागतो. मीटर ओल सांगतं. कवडी (किडका-खराब कापूस) किती, कचरा किती, माल कितव्या वेच्याचा, हे मीटर सांगत नाही.

भावाचं तर विचारूच नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. त्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० होता, आणि बाजार त्याच्या खाली. रात्री अकराला गिरणीच्या दलालाचा फोन येतो, की हा लॉट आत्ता बोलता का. त्या वेळी तुमचा फळा बघायचा की सौदा करायचा? काकाजी रात्री बदलतात कारण सौदा रात्री बदलतो.

आता तुमच्या बाजूचं. सौदा बदलला तर तो मॅनेजरला सांगायचा, मुकादमाला नाही. हे मी स्वतः वीस वर्षं चुकीचं करत आलो. फोन हातात असतो, मुकादमाचा नंबर वर असतो, लागून जातो.

संत्रा_मृग

माझी गंमत उलटी आहे. मी वरुडकडच्या एका पतसंस्थेत रोखपाल. आमचे व्यवस्थापक इतके कागदी की पेन्सिल संपली तरी अर्ज. एकाच भरण्याची नोंद तीन रजिस्टरांत, आणि तिन्हीत अक्षर सारखं हवं. मी भराभर काम उरकणारी. बाहेर बाया डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभ्या, आणि आत साहेब दोन नंबरच्या रजिस्टरातली खाडाखोड बघताहेत. पऱ्हाटीभाऊ, अदलाबदल करता का?

पऱ्हाटी_३४

लगेच! तुमच्या साहेबांना नमस्कार कळवा.

मुकादमाचा_पोरगा

सगळे मालक अन मॅनेजरचं लिहून राहिले. मुकादमाचं कोणीच नाही लिहिलं, म्हणून मी लिहितो.

माझे बाबा पंचवीस वर्षं एका जिनात मुकादम होते. आता घरी असतात, दमा आहे. रुईचा बारीक फुफाटा छातीत बसते, ते सांगायला नको. त्यांच्या वेळी जुने दिवाणजी गेले आणि शहरातून एक शिकलेला साहेब आला. दिवाणजी अन मालक एकाच ताटात जेवणारे, त्यामुळे तोवर हुकूम एकच असे. साहेब आल्यावर दोन झाले. मालक म्हणे ही गंजी फोड, साहेब म्हणे ती. बाबा घरी येऊन आईला म्हणायचे, "आज दोघायचंही ऐकलं अन दोघायच्याही शिव्या खाल्ल्या."

मग बाबांनी एक युक्ती केली. ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकायचं. साहेब बिचारा हळू बोलणारा. तुमचा मुकादम तंबाखू मळत खाली बघतो ना, तो तुम्हाला टाळत नाही भाऊ. त्याला लाज वाटते. फळ्यावर तुम्ही लिहिलेलं त्याला वाचता येते का, हे कधी विचारलं? माझ्या बाबांना नव्हतं येत. यादीतले नंबर तर दूरच. ते गाठी कोपरा, खांब, पत्र्याचं भोक अशा खुणांवर ओळखायचे. काकाजी "कोपऱ्यातल्या टाक" म्हणाले हे त्याला कळलं, तुमची यादी नाही कळली.

वीस गाठी चुकल्या त्यात काकाजींचा फोन आहे, तुमची यादीही आहे.

कोथरूडची_सई

मी माझं एचआरचं मागे घेते. ही पोस्ट वाचून गप्प झाले.

दप्तरी

मी करसल्लागार. एका गोष्टीकडे कोणाचं लक्ष नाही गेलं. शेतकऱ्याकडून कापूस घेतला की जीएसटी रिव्हर्स चार्जने जिनवाल्याने भरायचा असतो, ५ टक्के. खरेदीची बिलं नीट नसतील तर उद्या नोटीस मालकाच्या नावाने येईल, पण समोर बसून उत्तरं देणारे तुम्ही असाल. काकाजींची सगळी स्मरणशक्ती तिथे उपयोगाची नाही. तेवढ्या बाबतीत अजिबात तोंडी चालवून घेऊ नका, भांडण झालं तरी चालेल.

तिरपागडा

दप्तरी साहेब आले म्हणजे धाग्याला आता नोटीस येणार.

जुना_कापूस

काकाजींचं वय बासष्ट. म्हणजे राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी १९७२ ला सुरू झाली तेव्हा आठ-नऊ वर्षांचे. त्यांचे वडील काय करत होते हे विचारा एकदा. त्या काळात कास्तकाराला कापूस बाहेर विकायची सोयच नव्हती. केंद्रावर गाड्यांच्या दोन-दोन दिवस रांगा, बैलाचा चारा तिथेच, भाकरी तिथेच. ग्रेडर म्हणेल तो दर्जा. आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, केव्हा मिळेल ते त्या विठोबाला ठाऊक. आमच्या आजोबांनी एका चुकाऱ्यासाठी किती चकरा मारल्या याच्या गोष्टी आम्ही लहानपणी भुताच्या गोष्टींसारख्या ऐकल्या. त्या पिढीच्या माणसाला कागद म्हटला की मदत आठवत नाही, अडवणूक आठवते.

वणीचा_वाघ

जुना_कापूस दादा, शकुंतलेनं कापूस जात होता तवाचं बी सांगा ना!

जुना_कापूस

शकुंतलेसाठी वेगळा धागा काढू. यवतमाळ-मूर्तिजापूर सुरू केलं तर इथला विषय रुळावरून घसरेल. मुळात ती गाडी कापसासाठीच टाकली होती एवढं सांगून थांबतो.

सावजी_रस्सा

मले एकच समजलं नाही. काकाजी रातच्या अकराले जागे, सकाळच्या पाचले जागे. झोपते कवा?

पऱ्हाटी_३४

दुपारी खुर्चीत. ट्रॉली काट्यावर चढली की बरोबर डोळा उघडतो.

पऱ्हाटी_३४

(बारा दिवसांनी.) मंडळी, उशीर झाला. जिन जोरात होतं.

मुकादमाच्या पोराची पोस्ट मी तीनदा वाचली. दुसऱ्या दिवशी मुकादमाला चहाला बसवलं आणि सरळ विचारलं. त्याला आकडे वाचता येतात, अक्षरं नाही. दोन हंगाम मी फळ्यावर मोठ्या झोकात अक्षरं काढत होतो.

मग रविवारी काकाजींच्या घरी गेलो. ते अंगणात निंबाखाली बसले होते, समोर ढेपेचं पोतं, म्हशीसाठी. मी मनात भाषण तयार करून नेलं होतं, ते राहिलं बाजूला. आधी जुना_कापूस यांनी सांगितलं तसं वडिलांचं विचारलं. काकाजी बराच वेळ ढेप फोडत राहिले.

"माह्या बापानं बारा एकराचा कापूस घातला केंद्रावर. चुकारा आला उन्हायात. तोवर बहिणीचं लगन मोडलं. काय नव्हतं त्याच्यापाशी? पावती होती, सही होती, शिक्का होता. पैसा नव्हता." मग म्हणाले, "म्हणून माह्या जिनात दिवस बुडाच्या आत चुकारा. कागद मंग पाहू."

मला दोन हंगामांत हे कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. बिल पूर्ण झाल्याशिवाय मी चुकारा अडवायचो, आणि ते का भडकायचे ते तेव्हा कळलं. चाकणमध्ये बिल आधी, पैसे नंतर. माझ्या डोक्यात तेच.

मी म्हटलं, काकाजी, चुकारा तुमच्या हिशोबाने देऊ. पण बिल त्याच दिवशी रात्री पूर्ण होईल, तुम्ही पंधरा मिनिटं बसायचं आणि सांगायचं, मी लिहीन. दप्तरींचं नोटिशीचं थोडं तिखट-मीठ लावून सांगितलं. तयार झाले. मग खरा विषय काढला.

"मुकादमाला फोन तुम्ही करायचा नाही."

"मंग कोणाले करू?"

"मले करा."

"तू तं दहाले झोपतं!"

हे खरं आहे. मी दहाला फोन बंद करून झोपतो, चाकणची सवय. त्यांनी तीन-चार वेळा आधी मला लावला होता, बंद लागला, म्हणून मुकादमाला. हे मला माहीतच नव्हतं. आता हंगाम संपेपर्यंत फोन चालू. बायको वैतागली आहे, तिचा वेगळा धागा निघेल.

गाठींचं असं केलं: प्रत्येक लॉटला रंग. गाठीच्या कापडावर एक पट्टा. एका लॉटला नीळ, एकाला गेरू, एकाला हिरवा ऑइलपेंट, जो काकाजींच्या गोठ्याच्या दाराचा उरला होता. यादी मी ठेवतोच, पण बोलण्यात रंग. परवा काकाजी फोनवर दलालाला म्हणाले, "निळ्या जाईन उद्या." दलालाला काय कळलं असेल देव जाणे.

तरी सगळं गोड झालं असं नाही. मागच्या बुधवारी त्यांनी सरकी दाताखाली धरून एक मेटॅडोर घेतला. मी कोपरापर्यंत हात घालून मीटर लावला होता, १३ होते. ऐकलं नाही. शुक्रवारी ती गंजी हाताला गरम लागली. काकाजींनी कोणालाही काही न बोलता चार बाया लावून कापूस अंगणभर पसरवला. स्वतः उन्हात उभे. मीही काही बोललो नाही. बोललो असतो तर दोन मिनिटं बरं वाटलं असतं.

आणि कालचं. रात्री साडेअकराला त्यांनी सवयीने परत मुकादमालाच फोन लावला. त्याने उचलला नाही. सकाळी काकाजींनी विचारलं तर म्हणतो, "चार्जिंग नव्हती." त्याच्या फोनची बॅटरी चार दिवस टिकते, बटणांचा आहे. काकाजींनाही ते ठाऊक आहे. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मग काकाजी मला म्हणाले, "हिरव्या टाकाच्या होत्या. सांग त्याले." मुकादम तिथेच उभा, तीन हातांवर.

मुकादमाचा_पोरगा

बाबांना वाचून दाखवलं. चार्जिंगवर खूप हसले. खोकला लागला, पण हसले.

रुईवाला

रंगाची कल्पना उचलतोय. आमच्याकडे गोठ्याचा रंग लाल आहे.

संत्रा_मृग

आमच्या साहेबांनी रंग पाहिला तर त्याचंही रजिस्टर काढतील.

तिरपागडा

त्या वीस गाठींचे कापले गेलेले पैसे?

पऱ्हाटी_३४

तो विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पगारातून कापले नाहीत एवढंच. "मंग तू कायले हाय इथं" हे वाक्यही अजून परत घेतलेलं नाही. रंगाचे डबे मात्र परवा स्वतः आणून दिले, सहा. मला तीनच लागणार होते.

सावजी_रस्सा

ते सगळं झालं. तिकडं ढेपेचं पोतं काय भावानं चालू हाय? आमची म्हैस व्यायची हाय.